जाहिरातीतल्या त्वचेला रंध्रं का नसतात?

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की नागपुरात बर्डीपासून धरमपेठेपर्यंत साड्यांच्या, दागिन्यांच्या, लेहंग्यांच्या फलकांवर एकच बाई दिसू लागते. चेहरे वेगवेगळे असतात, पण कातडी तीच. रंध्रं नाहीत, लव नाही, कोपराचा काळेपणा नाही. मान लांब आणि कंबर मुठीत मावेल एवढी. आपल्याकडच्या उन्हात तोंडाला स्कार्फ गुंडाळून कॉलेजला निघालेली मुलगी सिग्नलला गाडी थांबवते, तेव्हा तिच्यासमोर हीच बाई उभी असते. ती कशी घडत गेली, ही गोष्ट कॉम्प्युटरच्या पुष्कळ आधीपासून सुरू होते.

सुरुवातीला कॅमेऱ्याचा दोष झाकण्यासाठीच फोटोवर हा दुरुस्तीचा हात, म्हणजे रिटचिंग, फिरवला जाई. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळा प्रकाश चटकन टिपत, तांबडा जवळजवळ टिपतच नसत. त्यामुळे गालावरची लाली, पुटकुळी, वांग, उन्हाने रापलेलं कपाळ फोटोत आहे त्यापेक्षा कितीतरी काळं उमटे. फोटो बघून ‘मी असा दिसत नाही’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असे. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्त्स हान्फश्टेंगल यांनी रिटच केलेली निगेटिव्ह मांडली, सोबत आधीची आणि नंतरची प्रत. तिथून पुढे काही वर्षांतच रिटचिंग हा स्टुडिओतला स्वतंत्र धंदा झाला. निगेटिव्ह तिरक्या चौकटीत बसवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा, पेन्सिल धरावी म्हणून तिच्यावर वार्निशचा हात द्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरत जायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असल्यामुळे पेन्सिल लागेल तिथे छापताना उजळ येतं. गडद करायचं असेल तिथे ब्लेडने इमल्शन, म्हणजे निगेटिव्हवरचा रसायनाचा थर, खरवडायचं. सुरकुती, मस, डोळ्यांखालची छाया यांवर हात बसल्यावर कारागिरांची पेन्सिल आणि ब्लेड कमरेकडेही वळली.

आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतही हेच कसब चाले. काळ्या-पांढऱ्या फोटोत हाताने रंग भरणारे कारागीर होते, आणि स्थळासाठी पाठवायच्या फोटोत मुलीचा रंग एक छटा वर नेणं हा तर न सांगता होणारा उपकार समजला जाई. मला तो उपकार वाटत नाही. तरी त्या काळाबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. फोटो ज्याचा, तोच गिऱ्हाईक होता, आणि बघणारे त्याला ओळखत होते. पाहण्याच्या कार्यक्रमात खरा चेहरा समोर येतच असे.

जाहिरातीने हे नातं उलटं केलं. बदललेली बाई आता अनोळखी झाली आणि तिच्या मापाने स्वतःला जोखणारी झालो आपण. भारतात या वाटेवरचं एक ठळक नाव मराठीच आहे. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या लीला चिटणीस या त्या साबणाच्या पहिल्या भारतीय तारका. सिनेमाच्या प्रसिद्धीचे फोटो हॉलिवूडमध्ये तेव्हा तासन्तास रिटच होत आणि साबणाच्या जाहिरातींनी ती चमक तशीच उचलली. गंमत अशी की पुढे रंगीत फिल्म आली तीही गोऱ्या कातडीला धरूनच. कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे नमुना-चित्र पाठवी, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत आणि त्यावर अनेक वर्षं गोरी बाईच असे. सावळ्या माणसांचे चेहरे सपाट आणि काळपट येत. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी यावर काम केलं आहे. फिल्म सुधारायला जोर आला त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा होता, असं त्यांना आढळलं. तपकिरी छटा नीट दिसत नाहीत ही ओरड माणसांसाठी नाही, तर मालासाठी ऐकली गेली. विदर्भातल्या कितीतरी घरांतले जुने रंगीत फोटो असे का दिसतात, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

१९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. सावळी मुलगी, मग मलम, मग नोकरी किंवा नवरा, एवढीच गोष्ट तिच्या जाहिराती वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध लढा दिला आणि २००३ मध्ये अशा काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. ‘फेअर’ हा शब्द नावातून जायला मात्र २०२० उजाडलं. याच युनिलिव्हर समूहाच्या ‘डव्ह’ साबणाने २००६ मध्ये रिटचिंग कसं चालतं ते उघडं करणारी छोटी चित्रफीत काढून जगभर वाहवा मिळवली होती.

कॉम्प्युटर या कहाणीत बराच उशिरा येतो. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड सरकवले आणि मोठा वाद झाला. दगडांसाठी एवढा वाद होतो याचं मला नवल वाटतं, कारण बायकांचे खांदे आणि मांड्या तोवर कित्येक दशकं सरकवल्या जात होत्या. १९९० मध्ये फोटोशॉप आलं आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘लिक्विफाय’ मिळालं. ब्लेड चालवायला वर्षांची तालीम लागे, इथे माउस ओढला की कंबर आत जाते. २००३ मध्ये ‘जीक्यू’ मासिकाने हॉलिवूडची अभिनेत्री केट विन्स्लेटला असं बारीक केलं तेव्हा तिने जाहीरपणे सांगितलं, मी अशी दिसत नाही आणि मला असं दिसायचंही नाही.

याने बिघडतं काय, हे विचारणाऱ्यांनी फिजी बेटांकडे बघावं. भरलेलं अंग तिथे चांगलं मानलं जाई. आपल्या घरांतही ‘तब्येत छान झाली’ हे वजन वाढल्याचं कौतुकच असतं. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. संशोधक अॅन बेकर यांच्या पाहणीत वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी शाळकरी मुलगी तेव्हा एकही नव्हती. १९९८ मध्ये असं करणाऱ्या ११.३ टक्के निघाल्या. टीव्ही म्हणजे रिटच केलेली जाहिरात नव्हे, हे खरं. पण बाहेरचं माप घरात शिरायला किती कमी वेळ लागतो, ते यातून कळतं.

सरकारं जागी झाली ती मृत्यूंनंतर. २००६ मध्ये लुईसेल रामोस आणि आना कॅरोलिना रेस्तोन या दोन तरुण मॉडेल्स काही महिन्यांच्या अंतराने गेल्या. रेस्तोनचा बळी अॅनोरेक्सियाने, म्हणजे उपाशी राहून वजन घटवत नेण्याच्या आजाराने, घेतला होता. इस्रायलने २०१२ मध्ये कायदा करून फारच कृश मॉडेल्सवर बंधन घातलं आणि फोटोत शरीर बारीक केलं असेल तर तसं सांगणं सक्तीचं केलं. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलची अंगकाठी बदलली असेल तर ‘रिटच केलेलं छायाचित्र’ असं छापावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरोपर्यंत दंड. नॉर्वेने २०२२ मध्ये हाच नियम समाजमाध्यमांवरच्या पैसे घेऊन केलेल्या पोस्टनाही लावला.

‘रिटच केलं आहे’ सांगणाऱ्या या चिठ्ठ्यांचा मला फारसा भरवसा वाटत नाही. त्यांवर झालेल्या बहुतेक प्रयोगांत चिठ्ठी वाचूनही तरुणींची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी झाली नाही. काही ठिकाणी तर नजर त्याच भागाकडे अधिक वळली. खोटं आहे हे डोक्याला कळतं, तरी तुलना व्हायची ती होतेच. ब्रिटनचा मार्ग मला जास्त पटतो. तिथल्या जाहिरात मानक संस्थेने २०११ मध्ये अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स आणि मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या दोन जाहिराती सरळ थांबवल्या, कारण दिसणारा परिणाम मेकअपचाच आहे हे लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला दाखवता आलं नाही.

भारतात फ्रान्ससारखा स्वतंत्र कायदा नाही. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे अॅस्कीने, २०१४ मध्ये सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये असे नियम केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. म्हणजे मलमाचा दावा खोटा निघाला तर पकडता येतो. लेहंगा विकताना मॉडेलची कंबर कापली तर तो दावा कशाचा, हा प्रश्न उघडाच राहतो, कारण लेहंगा तर खराच असतो.

आता तर हे काम फलकावरून हातात आलं आहे. अनेक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात ब्यूटी मोड आपण न मागता चालू असतो आणि तो चेहरा गुळगुळीत करता करता उजळही करतो. लग्नाच्या अल्बमचंही तसंच झालं आहे. नवरी आणि तिच्या मावश्या, काकू, आत्या सगळ्यांवर एकच फिकट छटा चढते आणि विचारलं तर ‘लोकांना असंच आवडतं’ असं उत्तर मिळतं. म्हणून ऑर्डर देतानाच सांगावं, जमलं तर पावतीवर लिहून घ्यावं: रंग आणि अंगकाठी बदलायची नाही, आणि मूळ फाइल्सही द्यायच्या.