क्योटोतल्या घरी स्वयंपाक शिकायला जाताना

नमस्कार,

आपल्या जपान सहलीत क्योटोच्या मुक्कामातली एक सकाळ तिथल्या एका कुटुंबाच्या घरी स्वयंपाक शिकायला राखून ठेवली आहे. घरातलं स्वयंपाकघर लहान, म्हणून एका वेळी सहाच जण. तीन तास ओट्याशी उभं राहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. निघण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी वाचावं, विशेषतः शाकाहारी मंडळींनी.

दाशी

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, पदार्थांत चवीसाठी घालतात ते पातळ सार. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, गुंडाळीचं ऑम्लेट, नूडल्सचा रस्सा, सगळीकडे ती असते, पण दिसत नाही. नेहमीची दाशी दोन गोष्टींची: कोम्बू, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची जाड पट्टी, आणि कात्सुओबुशी, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातकुळीतला मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवून काढलेले पातळ काप. त्यामुळे ताटात मासा दिसला नाही तरी चवीत असतो.

काही वर्षांपूर्वी एका गटाच्या माहितीत आम्ही नुसतं ‘शाकाहारी’ लिहून पाठवलं होतं. यजमान बाईंनी मांस-मासळी मनापासून टाळली, पण पालकाच्या भाजीत घातलेली दाशी माशाची होती. जेवण झाल्यावर ते कळलं. जन्मात कधी मासा न खाल्लेल्या एका आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक आमची होती. तेव्हापासून अर्जात प्रत्येक गोष्ट वेगळी विचारतो: मासा चालतो का, दाशीपुरता चालतो का, अंडं चालतं का, कांदा-लसूण, कंदमुळं, आणि स्वयंपाकातली साके किंवा मिरिन (साके म्हणजे तांदळाची दारू, मिरिन तशीच पण गोड; दोन्हींत मद्यार्क असतो). कृपया एकही रकाना रिकामा सोडू नका.

काळजीचं कारण नाही. बौद्ध मठांतल्या ‘शोजिन’ स्वयंपाकात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. त्यातली दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. आम्हाला स्वतःला तीच जास्त आवडते.

ती करताना नीट बघा. कोम्बू धुवायचा नाही, ओल्या फडक्याने अलगद पुसायचा. वरची पांढरी भुकटी मळ नव्हे, चव आहे. गार पाण्यात भिजवून मंद आचेवर ठेवायचा आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले, की उकळी फुटायच्या आत काढायचा. उकळला तर पाणी बुळबुळीत होतं. १९०८ मध्ये तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी याच कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. चमचाभर दाशी तोंडात धरून थोडं थांबा. आधी पाणचट वाटते, मग जिभेवर रेंगाळते.

तीळ आणि भात

पालकाच्या भाजीसाठी तीळ भाजून सुरिबाचीत कुटतात. हे आतून रेघारेघांचं मातीचं भांडं, सोबत लाकडी बत्ता. खाली ओलं फडकं घालून एकाने भांडं धरायचं, दुसऱ्याने बत्ता गोल फिरवायचा. संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा वास सुटतो! त्यात सोया सॉस, चिमूटभर साखर, आणि उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळलेला पालक.

तिथला तांदूळ आखूड आणि चिकट असतो. घरी परतल्यावर मावळातल्या इंद्रायणीचे ओनिगिरी, म्हणजे हाताने वळलेले भाताचे गोळे, करून बघा, छान वळले जातात. हाताला मीठपाणी मात्र लावा.

घरात वावरताना

वेळेवर पोचा, पण फार आधीही नको, कारण यजमानांची तयारी चाललेली असते. चपला-बूट दारातल्या खोलगट जागेत काढायचे. आत स्लिपर मिळतात, त्या तातामी चटईवर घालायच्या नाहीत. शौचालयातल्या स्लिपर वेगळ्या, त्या बाहेर आणू नका. मोजे स्वच्छ असू द्या.

चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत. पिंडाचा भात आपण जसा जपून वेगळा ठेवतो, तसंच ते.

टिप देण्याची पद्धत नाही. त्याऐवजी छोटी भेट न्या: पाकीटबंद चिक्की किंवा बाकरवडी उत्तम. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता बरोबर घेऊ नका, विमानतळावर अडवतात.

भरलेला अर्ज निघण्याच्या किमान ३ आठवडे आधी आमच्याकडे द्या. यजमान बाई त्याप्रमाणे बाजार करतात.