राखेच्या बेटाचा भरवसा

1831 च्या जुलैमध्ये सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मधल्या समुद्रातून वाफेचे आणि धुराचे लोट उठू लागले, आणि पाहता पाहता लाटांतून एक काळं बेट वर आलं. वाढत वाढत ते साठेक मीटर उंच झालं. नवी जमीन दिसली म्हटल्यावर झेंडे येणारच. ब्रिटिशांनी तिला ग्रॅहम म्हटलं, सिसिलीच्या राजवटीनं आपल्या राजाच्या नावावरून फर्डिनांडिया, तर जुलैत जन्मलं म्हणून फ्रेंचांनी ज्युलिया. हा मालकीचा वाद रंगात असतानाच बेट ढासळू लागलं आणि सहा महिन्यांच्या आत लाटांखाली गेलं. भांडायला काही उरलंच नाही!

समुद्रातून बेट वर येण्यापेक्षा त्यानं वर राहणं जास्त अवघड असतं. पृथ्वीवरचा बहुतेक लाव्हा समुद्राच्या तळाशीच बाहेर पडतो आणि त्याची खबरही आपल्याला लागत नाही. खोल पाण्याचा दाब इतका असतो की पाण्याची झटकन वाफ होऊ शकत नाही. लाव्हा गुपचूप बाहेर येतो, थंड पाण्यानं त्याच्यावर साय धरावी तशी काचेची साल धरते आणि उशांसारखे गोळे एकावर एक रचले जातात. असा डोंगर वाढत पृष्ठभागाजवळ आला की मात्र दाब उरत नाही. मग पाणी आणि तप्त शिलारस यांची गाठ पडते आणि स्फोटांमागून स्फोट होतात. शिलारसाच्या ठिकऱ्या उडून त्यांची राख होते. बेट बनतं ते या राखेच्या ढिगाचं, आणि लाटांना असा ढीग उपसायला कितीसा वेळ लागणार?

14 नोव्हेंबर 1963 च्या सकाळी आइसलँडच्या दक्षिणेला मासेमारी करणाऱ्या एका बोटीवरच्या लोकांना दूरवर धूर दिसला. एखादं जहाज पेटलं असावं म्हणून ते जवळ गेले, तर सुमारे 130 मीटर खोल तळावरून ज्वालामुखी वर आला होता. नॉर्स पुराणकथांतल्या सुर्तुर या अग्निराक्षसाच्या नावावरून बेटाचं नाव पडलं सुर्त्से. त्याच उद्रेकात शेजारी आणखी दोन लहान बेटं वर आली आणि लाटांनी ती गिळलीही. सुर्त्से वाचलं, कारण 1964 मध्ये राखेच्या भिंतींनी समुद्राचं पाणी मुखापासून अडवलं. पाणी नाही म्हणजे स्फोट नाहीत. लाव्हा शांतपणे वाहू लागला आणि राखेवर दगडी कवच चढलं. 1967 च्या जूनमध्ये उद्रेक थांबला, तेव्हा बेट अडीच चौरस किलोमीटरांहून मोठं होतं.

पण खरी करामत पोटात चालली होती. गरम पाणी आणि वाफ राखेतून झिरपत राहिली आणि तिच्यातल्या काचेची नवी खनिजं बनून सुटे कण एकमेकांना चिकटले. खडक व्हायला युगं लागतात असं आपण शाळेत शिकलो. इथं काही वर्षांत तो झाला.

टोंगामधल्या हुंगा टोंगा–हुंगा हापाई बेटाची गोष्ट वेगळी. 2014-15 च्या उद्रेकात तिथं बनलेली नवी जमीन काही महिन्यांचीच सोबती, असा अंदाज होता. ती टिकली, तेव्हा नासाच्या संशोधकांनी तिला 6 ते 30 वर्षांचं आयुष्य दिलं. सातव्या वर्षी ती गेलीही, पण लाटांमुळे नाही. 15 जानेवारी 2022 ला त्याच ज्वालामुखीनं तिच्या चिंधड्या उडवल्या. राख आणि वाफ 57 किलोमीटर उंच गेली, हवेतल्या दाबाची लाट पृथ्वीला प्रदक्षिणा घालत राहिली.

सुर्त्सेही झिजतंच आहे. निम्मं क्षेत्र समुद्रानं नेलं. मऊ भाग गेला, तरी आतला घट्ट झालेला खडक पुष्कळ काळ तग धरेल. तिथं फक्त संशोधकांनाच पाऊल ठेवता येतं, कारण कोऱ्या जमिनीवर जीव कसे पोचतात हे माणसाची लुडबुड नसताना पाहायचंय. 1965 मध्ये पहिलं फुलझाड दिसलं. पुढं समुद्रपक्ष्यांनी वसाहत केली, त्यांच्या विष्ठेचं खत मिळालं आणि तिथं हिरवळ पसरली. एकदा मात्र लाव्हात एक अनोळखी रोप उगवलेलं सापडलं. पाहतात तर टोमॅटो! कुणा पाहुण्याला निसर्गाची हाक आवरली नव्हती. रोप मुळासकट उपटून बेटाबाहेर नेण्यात आलं.