टक्का जुना, लिंक नवी

सोलापुरात नव्या डिझाइनची चादर मागावरून उतरली की गठ्ठे बांधण्याआधी तिचे एक-दोन नग बाहेरगावच्या आडत्याकडे जायचे. तो चादर उलटी करून बघणार, कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासणार. रंग सुटत नाही अशी खात्री पटली तरच आपल्या दुकानदारांपुढे टाकणार. उद्या चादर विटली तर दुकानदार काही अक्कलकोट रोडच्या कारखानदाराला शोधत येणार नव्हता. तो आडत्याचीच गचांडी धरणार. आडत्याचा टक्का होता तो या जोखमीचा.

आज कारखानदाराची धाकटी पाती नव्या टॉवेलसेटसाठी रील करणाऱ्यांना लिंक आणि कोड वाटते आणि त्यावरून विक्री झाली की टक्का देते. असा टक्का घेणाऱ्याला अ‍ॅफिलिएट म्हणतात. हा प्रकार आला अमेरिकेतून. 1989 मध्ये विल्यम टोबिन यांनी प्रॉडिजी या संगणक-जाळ्यावर फुलं आणि भेटवस्तूंचं दुकान थाटलं आणि विक्रीमागे प्रॉडिजीला कमिशन दिलं. नोव्हेंबर 1994 मध्ये सीडीनाऊ या संगीत विकणाऱ्या दुकानाने हीच रीत वेबवर आणली. जुलै 1996 मध्ये अ‍ॅमेझॉनने ती कुणाही वेबसाइटवाल्याला खुली केली.

गिऱ्हाईक कुणी पाठवलं हे मोजायला कुकी, म्हणजे वेबसाइट गिऱ्हाइकाच्या संगणकात ठेवते ती छोटी खूणचिठ्ठी, कामाला आली. तीही 1994 चीच, नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांची. आडत्याच्या लाल वहीचं काम तिने उचललं. पण वही लिहिणारा ओळखीचा असायचा. कुकी कोण टाकतंय, कुणाला ठाऊक! 2008 मध्ये ईबे ही ऑनलाइन बाजारपेठ आपल्याच बड्या अ‍ॅफिलिएटांविरुद्ध कोर्टात गेली. लोकांच्या संगणकांत गुपचूप कुकी घुसवून, न आणलेल्या गिऱ्हाइकांचं कमिशन लाटल्याचा तो आरोप होता. पुढे फौजदारी खटला झाला, गुन्हा कबूल झाला, शिक्षाही झाली. म्हणजे हिशेब चोख दिसत होता, माणूसच खोटा निघाला.

आपल्याकडे अ‍ॅमेझॉन 2013 मध्ये आलं. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगा, हा नियम जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांना लावला. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारनेही तशाच सूचना काढल्या. (दलाल दलाली घेतो हे आडत बाजारात कुणाला सांगावं लागलं नव्हतं.)

यातून शहाणे झालेले विक्रेते आता नवा माल बाजारात आणताना शंभर अनोळखी लोकांना कोड वाटत बसत नाहीत. पाच-सात जण धरतात आणि महिनाभर आधी त्यांच्या घरी टॉवेल पाठवतात. चार धुण्यांनंतर लव गळते का, कडेची शिवण उसवते का, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर नाही, आधी फोनवर सांगायचं असतं. तक्रार आली तर माल बाजारात आणायची तारीख पुढे ढकलतात. परत आलेला माल वजा करून उरलेलं कमिशन ठरल्या दिवशी, न मागता खात्यात टाकतात.