गुडघा दुखतो तो उंच उडणाऱ्याचाच

व्हॉलीबॉलच्या संघात सगळ्यांत उंच उडी कोणाची हे ओळखायचं असेल, तर गुडघा कोणाचा दुखतो ते विचारावं. थट्टा वाटेल, पण १९९० च्या दशकात नॉर्वेतल्या संशोधकांना जवळपास हेच आढळलं: गुडघेदुखीचे खेळाडू उडीच्या चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरले. तिथल्याच अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यात व्हॉलीबॉलवाल्यांपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलवाल्यांपैकी ३२ टक्के जणांना हे दुखणं होतं.

याला 'जम्पर्स नी' म्हणतात. जागा ठरलेली, वाटीचं खालचं टोक. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी जाड कंडरा तिथूनच निघते. उडीच्या वेळी ती स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि साठवलेला जोर परत देते. जो जास्त उंच उडतो तो तिला जास्त ताणतो, आणि प्रशिक्षकही सारखा त्यालाच उडवतात!

दुखतंय म्हणजे सूज, असं आपण धरून चालतो. पण या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर सुजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत. सापडतात ते कोलॅजेन या प्रथिनाचे विस्कटलेले तंतू आणि नको तिथे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणून सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने चार दिवस बरं वाटतं, पुढे दुखणं परततं.

कंडरा मुळातच सावकाश चालणारं प्रकरण आहे. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो अन्नावाटे शरीरातही उतरला; त्याच्या खुणा डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेच्या कंडरेत मोजल्या. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळजवळ बदलतच नाही, असं २०१३ साली त्यांनी दाखवलं. तिला बिछान्यावर झोपवून ठेवलं तर वेदना थांबते, पण भार पेलायची ताकदही जाते. खेळाडू मैदानात परततो आणि आठवड्याभरात पुन्हा वाटी चोळत बसतो.

उपाय ऐकायला उलटा वाटेल: जड वजन घेऊन सावकाश बैठका. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, आठवड्यातून तीनदा, किमान तीन महिने. कंटाळवाणं आहे खरं. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: दुखऱ्या पायावर एक अर्धी बैठक मारायची. कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर वजन कमी करायचं.