पत्त्यांची जादू : शिक्षण आणि सादरीकरण

पत्त्यांची जादू : खेळण्याच्या ५२ पत्त्यांच्या कॅटवर हातचलाखी, गणित, स्मरणशक्ती आणि बोलण्याचे कसब यांच्या बळावर केल्या जाणाऱ्या प्रयोगांचा प्रकार. साहित्य स्वस्त, खिशात मावणारे आणि प्रेक्षकाच्या रोजच्या ओळखीचे असल्याने जादू शिकू पाहणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. प्रयोग बहुधा टेबलाभोवती बसलेल्या मोजक्या माणसांपुढे, हातभर अंतरावरून होतो. रंगमंचावरच्या जादूगाराला पेटी, पडदा, दिवे आणि सहायक यांचा आडोसा असतो. पत्तेवाल्याला तो नाही. या विद्येचा रियाजही उलटा आहे. गवई कमावलेली तान लोकांनी ऐकावी म्हणून गातो, पत्त्यांचा जादूगार मात्र वर्षानुवर्षे घोटलेली हालचाल कुणाच्या लक्षातही येऊ नये म्हणून घोटतो. नवशिक्याच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

पूर्वपीठिका

इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ साली चेटकीण ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. लोक ज्याला सैतानी करामत समजतात ते हाताच्या सफाईने करता येते, हे पटवण्यासाठी त्याने त्यात पत्त्यांच्या युक्त्याही उघड केल्या. इंग्रजीतले या कलेचे सुरुवातीचे लेखी धडे असे अंधश्रद्धेविरुद्धच्या पुस्तकात आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी शाळेत करून दाखवलेले ‘चमत्कार’ पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रीत अनोळखी वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकात ही कला जत्रेतून दिवाणखान्यात आली. फ्रान्समधील घड्याळजी झां यूजीन रॉबेर-हूदँ (१८०५–१८७१) याने जादूगाराचा झगा टाकून साध्या शिष्ट पोशाखात प्रयोग केले. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, हे त्याचे मत आजही पहिल्या धड्यात सांगितले जाते. त्याच काळात व्हिएन्नामध्ये योहान नेपोमुक होफझिन्सर (१८०६–१८७५) हा सरकारी नोकरी सांभाळून निवडक पाहुण्यांपुढे पत्त्यांचे प्रयोग करी. पत्त्यांना कथानक आणि काव्य देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याला जाते.

तंत्राचा मोठा ग्रंथ मात्र जुगाराच्या अड्ड्याकडून आला. १९०२ साली शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक निघाले. त्याचा अर्धाअधिक भाग पत्त्यांच्या डावात फसवण्याच्या युक्त्यांचा आणि उरलेला जादूचा. हे टोपणनाव होते आणि त्यामागचा माणूस कोण, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. लबाडीच्या धंद्यातली तंत्रे करमणुकीत आली, ती बऱ्याच अंशी या वाटेने. जादूगार आणि पत्तेचोर यांचे हात सारखेच चालतात. फरक इतकाच की जादूगार आपण फसवणार असल्याचे आधीच सांगून टाकतो.

पहिले धडे

मराठी घरांत बहुतेकांना ठाऊक असलेली जादू म्हणजे २१ पत्त्यांची. तीन रांगांत सात-सात पत्ते मांडायचे, प्रेक्षकाने मनात धरलेला पत्ता कोणत्या रांगेत आहे ते विचारायचे, ती रांग इतर दोन रांगांच्या मधे घालून पत्ते गोळा करायचे, आणि हे तीनदा करायचे. पत्ता अकराव्या जागी येतो. यात हातचलाखी अजिबात नाही. पहिल्या गोळाबेरजेनंतर पत्ता ८ ते १४ या जागांत असतो, दुसऱ्यानंतर १० ते १२ या तीनच जागांत. हे तीन पत्ते तिसऱ्या मांडणीत तीन वेगळ्या रांगांच्या बरोबर मध्यावर पडतात. म्हणजे प्रेक्षकाने तिसऱ्यांदा रांग सांगताच तिच्यातला चौथा पत्ता त्याचा. पुन्हा गोळा करून अकरापर्यंत मोजत बसण्याची गरज नसते, तरी घरोघरी तेच केले जाते आणि बघणारे कंटाळतात. पत्ते निमूटपणे गोळा करावेत, गप्पा माराव्यात, आणि मग तो पत्ता अनपेक्षित ठिकाणाहून काढावा, एवढ्या बदलाने हीच जुनी जादू अंगावर येते.

दुसरा धडा खुणेच्या पत्त्याचा. कॅटचा तळचा पत्ता गुपचूप पाहून ठेवायचा. प्रेक्षकाने आपला पत्ता वर ठेवला की कॅट कापायला सांगायचा. खुणेचा पत्ता त्याच्या पत्त्यावर येऊन बसतो. कॅट कितीही वेळा कापला तरी पत्त्यांचा क्रम वर्तुळासारखा कायम राहतो, त्यामुळे ही जोडी सहसा फुटत नाही. पिसल्यावर मात्र फुटू शकते. कापणे आणि पिसणे यांतला हा फरक सर्वसाधारण प्रेक्षकाच्या ध्यानात नसतो आणि अनेक प्रयोग त्याच्या या गैरसमजावरच उभे आहेत.

गणित यापुढेही बरेच खोल जाते. कॅटचे बरोबर २६-२६ असे दोन भाग करून एकाआड एक पत्ता गुंफला आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा पत्ता जागीच ठेवला, तर अशा आठ गुंफणींनंतर कॅट मूळ क्रमावर येतो. हे हाताने अचूक साधणारे लोक कमी आहेत. याउलट साधे, ढोबळ गुंफून पिसणे सुमारे सात वेळा केले की ५२ पत्ते पुरेसे मिसळतात, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले. यातला डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर हिंडू लागला होता आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये संख्याशास्त्राचा प्राध्यापक झाला.

हातचलाखीत आधी धरणे येते, मग पिसणे, मग निवडलेला पत्ता हव्या जागी आणणे, हवा तोच पत्ता प्रेक्षकाला ‘निवडायला’ लावणे, दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणे आणि तळव्यात पत्ता लपवणे. यासाठीचे शब्द मराठी जादूगारही इंग्रजीच वापरतात : कंट्रोल, फोर्स, डबल लिफ्ट, पाम. शेवटचा प्रकार सर्वांत अवघड समजला जातो, पण त्यात बोटांपेक्षा धीर कमी पडतो. तळव्यात पत्ता असलेला हात नवशिक्या अवघडून धरतो आणि त्याकडे स्वतःच पाहतो.

पत्ते कसे असावेत याला महत्त्व आहे. जादूगार बहुधा ६३ मिलिमीटर रुंदीचे कागदी पत्ते पसंत करतात. १८८५ पासून निघणारे अमेरिकेतील बायसिकल पत्ते हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण. ब्रिजचे पत्ते ५७ मिलिमीटर रुंद असतात आणि लहान हातांना ते सोयीचे पडतात. आपल्याकडे रमीसाठी वापरले जाणारे पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते टिकाऊ खरे, पण हातातून सटकतात. कागदी पत्ते कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ओल धरून फुगतात, एकमेकांना चिकटतात. तरीही उसन्या, मळक्या कॅटवर काम करता आले पाहिजे. लोकांच्या घरी तोच मिळतो.

सराव

आरसा हा जुना गुरू आहे, पण अर्धवट. आरशात पाहताना शिकणारा नेमक्या चोरट्या क्षणी पापणी मिटतो आणि स्वतःचीच चूक त्याला दिसत नाही. मोबाइलवर चित्रीकरण केले की ती लगेच सापडते. शिवाय आरसा समोरचीच बाजू दाखवतो, प्रेक्षक मात्र डावी-उजवीकडेही बसलेले असतात.

वेग वाढवण्याचा मोह आवरणे हा सरावाचा मोठा भाग. अर्जेंटिनाच्या रेने लावांद (१९२८–२०१५) याने नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गमावला. पुस्तकांतली तंत्रे दोन हातांसाठी लिहिलेली, म्हणून त्याला बहुतेक सगळे स्वतः शोधावे लागले. काळे आणि लाल पत्ते आलटून पालटून ठेवायचे आणि ते पुन्हा वेगळे झालेले दाखवायचे, हा प्रयोग तो दर फेरीला आणखी संथ करत नेई आणि याहून सावकाश करता येत नाही, असे म्हणे. डोळ्यांपेक्षा हात चपळ असतो, ही समजूत त्याच्या एका हाताने मोडीत काढली.

नजर, वेळ आणि बोलणे

इथपर्यंतचे सारे खोली बंद करून शिकता येते. पुढचे माणसांशिवाय येत नाही.

प्रेक्षक हातांकडे टक लावून असतो असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात तो जादूगाराची नजर जिकडे जाईल तिकडे बघतो. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जादूगाराने चेंडू वर फेकल्याचा नुसता आविर्भाव केला. त्याची नजर वर गेली तेव्हा बऱ्याच जणांना हातातच राहिलेला चेंडू हवेत जाताना ‘दिसला’. नजर हातावरच राहिली तेव्हा हा भ्रम बराच ओसरला. म्हणून चोरटी हालचाल करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारतात. प्रश्न आला की माणूस मान वर करतोच.

वेळेचे शास्त्र स्पेनमध्ये सर्वाधिक विकसित झाले. पेशाने वकील असलेल्या आर्तुरो दे अस्कानियो (१९२९–१९९७) याने ‘वाटेतली कृती’ ही कल्पना मांडली : पेन घ्यायला हात खिशाकडे जात असेल तर जाता जाता घडणाऱ्या गोष्टी प्रेक्षकाच्या दृष्टीने घडतच नाहीत, कारण त्याचे मन खिशापाशी पोचलेले असते. माद्रिदचा हुआन तामारिस (जन्म १९४२) याने त्यापुढे जाऊन, प्रेक्षकाच्या डोक्यात येऊ शकणारी खोटी उत्तरे आधीच ओळखून एकेक बंद करत जावे असे शिकवले. तो मंचावर आरडाओरडा करतो, हवेत व्हायोलिन वाजवल्याचे सोंग आणतो, आणि हसण्याच्या त्या लाटेत लोकांचे लक्ष ढिले पडते. विनोदानंतरचा क्षण हा कामाचा क्षण.

कॅनडात जन्मलेला डाय व्हर्नन (१८९४–१९९२) याचा आग्रह सहजपणावर होता. कॅट साधारणपणे जसा धराल तसाच तो चोरटी हालचाल करतानाही धरा, आणि प्रयोग इतका सरळ ठेवा की प्रेक्षकाला तो दुसऱ्या दिवशी एका वाक्यात सांगता यावा. कोणतीही जादू तीनदा पाहिली की पकडतो, अशी हॅरी हुडिनीची बढाई होती. १९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने त्याचा सही केलेला पत्ता वरून दुसरा ठेवला आणि तो पुन्हा वर आलेला दाखवला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हुडिनीला उलगडा झाला नाही. एक जादू लागोपाठ दोनदा करू नये हा नियम सर्वत्र शिकवतात आणि घरची मंडळी ‘परत दाखव’ म्हणून हटून बसली की नवशिक्याने तो पाळलेलाच बरा. पण मोडायचा कसा, हे त्या खोलीत दिसले.

बोलण्यात मराठी शिकाऊ जादूगार हमखास अडखळतो, कारण त्याने ऐकलेली सगळी बडबड इंग्रजी असते. तिचे शब्दशः मराठी केले की ते कृत्रिम वाटते. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात खेळत वाढलेल्या माणसाला ‘इस्पिक एक्का’ आणि ‘किलवर गुलाम’ म्हटले की तो लगेच खेळात येतो. सूचना छोट्या हव्यात : ‘काका, तुम्हीच पिसा. एक काढा. शेजारच्यांना दाखवा.’ शेजाऱ्याला दाखवायला सांगणे ही निव्वळ औपचारिकता नाही. पत्ता काढणारा गडबडीत तो विसरतो आणि शेवटचा चमत्कार फुकट जातो. पत्ते वडीलधाऱ्यांच्या हाती देण्याचा आणखी एक फायदा आहे. त्यांनी स्वतः पिसले की संशय निम्मा होतो, आणि जिंकल्याचा आनंद त्यांच्या वाट्याला देता येतो. प्रेक्षकाला मूर्ख बनवल्याची भावना राहिली तर तो पुढचा पत्ता मुद्दाम उलट सांगतो.

चूक होतेच. प्रेक्षकाला प्रयोगाचा शेवट आधी ठाऊक नसल्याने चुकीचा पत्ता निघाला तरी दुसऱ्या वाटेने जाता येते. अनुभवी जादूगार अशा पर्यायी वाटा आधीच ठरवून ठेवतो.

गुरू, मंडळे, व्हिडिओ

पूर्वी हे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जाई. कॅटच्या मधोमधून पत्ता वाटणारा कुणी आहे, एवढ्या ऐकीव बातमीवर व्हर्ननने शोध घेत मिसुरीतील प्लेझंट हिल गावी ॲलन केनेडी या जुगाऱ्याला गाठले. संघटित मंडळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची : न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स, लंडनमध्ये १९०५ साली मॅजिक सर्कल. मॅजिक सर्कलमध्ये प्रवेशासाठी परीक्षा असते आणि गुपित न फोडणे ही सदस्यत्वाची अट असते. जागतिक संघटनेच्या स्पर्धेत पत्त्यांच्या जादूचा स्वतंत्र विभाग आहे. २०१५ मध्ये तो जिंकणारा शिन लिम बराचसा व्हिडिओंवरून शिकलेला. व्हिडिओने वाट सोपी केली यात शंका नाही. मात्र त्यातून तंत्राबरोबर शिकवणाऱ्याचे हावभाव, थांबे आणि विनोदही उचलले जातात, आणि शंभर प्रयोग अर्धवट येणारे पण एकही पूर्ण न येणारे विद्यार्थी तयार होतात. पाच-सहा प्रयोग पक्के करून ते वेगवेगळ्या लोकांपुढे अनेकदा करणे अधिक उपयोगाचे.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रात जादूची परंपरा रस्त्यावरच्या गारुड्यांची आणि नंतर नाट्यगृहाची. पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी जादूचे प्रयोग मराठी कुटुंबांच्या करमणुकीचा भाग केले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते चालू ठेवले. या परंपरेत भर भव्य देखाव्यावर होता. पत्ते मागच्या रांगेतून दिसत नाहीत. जुगाराशी असलेल्या संबंधामुळे मुलाच्या हाती सतत कॅट दिसणे अनेक घरांत खपतही नसे. एरवी पत्त्यांची जुनी कला इथे होतीच. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १० रंगांचा आणि १२० गोल पत्त्यांचा असतो, पण त्याला कोपरे नसल्याने आयताकृती पत्त्यांवरची बहुतेक हातचलाखी त्यावर बसत नाही. गेल्या काही वर्षांत हातांवर रोखलेला कॅमेरा आणि मागे मोठा पडदा लावून पत्त्यांचे प्रयोग सभागृहातही करता येऊ लागले. त्यात एक नवी अडचण आली आहे : प्रेक्षक जादूगाराच्या डोळ्यांकडे बघत नाही, पडद्यावर दहापट मोठ्या झालेल्या त्याच्या बोटांकडे बघतो.