जुनी तावदानं खाली जाड का दिसतात?

"काच हा संथ वाहणारा द्रव आहे, म्हणून जुन्या वाड्यांची तावदानं खाली जाड होतात." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नागपुरात त्याला पुस्ती जोडली जाते: "आपल्या ४५ अंशांच्या उन्हात तर लवकरच!" तिथल्या महाल भागातलं एखादं जुनं तावदान खरंच असमान दिसतं, त्यामुळे हे पटणं स्वाभाविक आहे.

मी दिव्यांच्या शेडसाठी भट्टीत काच वाकवते. खिडकीच्या साध्या काचेची पट्टी साच्यावर ठेवली, तर ५०० अंश सेल्सिअसलाही ती तशीच ताठ असते. मऊपणा येऊ लागतो साधारण ५५० च्या पुढे, आणि ६५० ते ७०० च्या आसपास ती स्वतःच्या वजनाने साच्यात उतरते. मग सावकाश थंड करायची, नाहीतर आत ताण राहून तडकते. मे महिन्याचं ऊन यापासून फार दूर आहे.

काचेतल्या अणूंची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते, द्रवासारखी विस्कळीत असते. गोंधळ बहुधा इथूनच होतो. पण विस्कळीत असली तरी ती जागच्या जागी गोठलेली असते.

मग जाडी कुठून आली? पूर्वी काच फुंकून, नळकांडं चिरून सपाट करत किंवा गरगर फिरवून थाळी बनवत. जाडी सारखी येतच नसे. वितळलेल्या कथिलावर तरंगवून एकसारखी काच काढणं १९५० च्या दशकात जमलं.

पडताळायचं असेल तर चौकटीतून निघालेली जुनी तावदानं घ्या आणि व्हर्नियर कॅलिपरने चारही कडांची जाडी मोजा. काच वाहत असती, तर प्रत्येक तावदान खालीच जाड निघालं असतं. काही वर जाड निघतात, काही बाजूला.