सिलिंडर जोडता येतात, शाफ्टचं काय?

विदर्भातल्या शेतांत महिंद्राचे ‘२७५ डीआय’ आणि ‘४७५ डीआय’ हे ट्रॅक्टर सगळ्यांच्या ओळखीचे. पहिल्याच्या मूळ इंजिनाला तीन सिलिंडर, घनफळ २०४८ सीसी. दुसऱ्याला चार सिलिंडर, २७३० सीसी. भागाकार केला की दोन्हीकडे एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ६८२ सीसी येतात.

हेच गणित विमानाच्या इंजिनालाही लागू पडतं. अमेरिकेतल्या लायकमिंग कंपनीच्या ‘ओ-३६०’ला चार सिलिंडर आहेत, ‘ओ-५४०’ला सहा आणि ‘आयओ-७२०’ला आठ. नावातले आकडे घनइंचांतलं घनफळ सांगतात, आणि तिन्हींत एका सिलिंडरचा वाटा ९० घनइंच, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. शक्ती १८० अश्वशक्तीपासून ४०० पर्यंत जाते. शिकाऊ वैमानिक जगभर ज्यावर हात बसवतात त्या सेस्ना १७२ मध्ये आज याच घराण्यातलं चार सिलिंडरचं इंजिन असतं.

एकच सिलिंडर नीट ठरवून तो हवा तितक्या संख्येने जोडत जाण्यात मोठा फायदा आहे. इंजिन बनवताना सर्वांत वेळखाऊ काम ज्वलनाचं असतं. पिस्टनच्या डोक्यावरच्या खोलगट भागाचा आकार काय, इंधनाचा फवारा कुठे पडतो, आत शिरलेली हवा किती घुमते, हे बसवायला वर्षं जातात. एका सिलिंडरवर ते एकदा नीट जमलं की पुढच्या सगळ्या इंजिनांना वापरता येतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह एकाच मापाचे मोठ्या संख्येने बनतात, आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यालाही एवढं काम मिळालं तर यंत्रसामग्रीत पैसे घालणं परवडतं.

मग रस्त्यावरच्या गाडीला तीन-चार आणि विमानाला सहा-आठ सिलिंडर लावून एकच इंजिन-घराणं दोन्हीकडे का चालवू नये? माझं मत असं की चालवावं. मात्र जोडकाम सिलिंडरपाशी सोपं असतं आणि क्रँकशाफ्टपाशी, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या दांड्यापाशी, अवघड होत जातं, हे पहिल्या दिवसापासून धरून चालायला हवं.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. तीन सिलिंडर असतील तर दर २४० अंशांनी धक्का बसतो, चार असतील तर १८० अंशांनी, सहा असतील तर १२० अंशांनी. तीनचं इंजिन पुढे-मागे डुलतं. एका ओळीतल्या चारमध्ये शाफ्टच्या दुप्पट गतीची थरथर उरते. एका ओळीतल्या सहामध्ये या हालचाली जवळजवळ एकमेकींना खोडतात. त्याच वेळी शाफ्ट लांब होतो आणि प्रत्येक धक्क्याला किंचित पीळ खाऊन सुटतो. या पिळाची स्वतःची एक लय असते. धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की पीळ वाढत जातो आणि चांगल्या पोलादाचाही शाफ्ट तुटू शकतो. गाडीत फ्लायव्हील आणि क्लच हे धक्के बरेचसे पचवतात. विमानात शाफ्टच्या टोकाला लांब पात्यांचा पंखा (प्रोपेलर) असतो, आणि त्या पात्यांचं स्वतःचं कंपन या गणितात येऊन मिसळतं. म्हणून सिलिंडरची संख्या बदलली की हा हिशोब मुळापासून करावा लागतो.

पंख्याची आणखी एक अट आहे. साधारण १.९ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० फेरे फिरला की पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने जातं. तोच ५८०० फेऱ्यांवर फिरवला तर हा वेग ५७५ मीटरच्या पुढे, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त होईल. तिथे ताकद प्रचंड आवाजात आणि ओढीत वाया जाते. लहान पण वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला त्यामुळे मधे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स घ्यावाच लागतो.

असा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. थिएलर्ट या जर्मन कंपनीने मर्सिडीज ए-क्लास कारच्या डिझेल इंजिनावरून विमानाचं इंजिन तयार केलं. ते जेटच्याच इंधनावर चालायचं, ही मोठी सोय होती. सुरुवातीच्या इंजिनांचा गिअरबॉक्स मात्र ३०० तासांनी उतरवावा लागे, तर लायकमिंगचं अख्खं इंजिन २००० तासांनी पूर्ण खोलतात. पुढे ऑस्ट्रियातल्या ऑस्ट्रो कंपनीनेही मर्सिडीजचंच दोन लिटरचं डिझेल इंजिन घेतलं. ते १६८ अश्वशक्ती देतं आणि डायमंड डीए-४० एनजी विमानात नियमित उडतं. ज्वलनाचा भाग कारमधून आला, पण पंख्याकडचं टोक, गिअरबॉक्स आणि संगणकीय नियंत्रण विमानासाठी वेगळं करावं लागलं. सामायिक काय ठेवायचं आणि वेगळं काय करायचं, याची मला पटणारी रेषा हीच आहे.

भाराचा फरकही मोठा आहे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या साध्या कारला तीसेक अश्वशक्ती पुरतात, म्हणजे इंजिनाच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा. विमानाचं इंजिन उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकदीवर असतं आणि त्यानंतर तासन्‌तास ६५ ते ७५ टक्क्यांवर.

त्यात नागपूरचा मे महिना. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की इथल्या हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा) १३ टक्क्यांच्या आसपास कमी होते. सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला जणू १४०० मीटरपेक्षाही उंच ठिकाणची हवा मिळते. टर्बो (जादा हवा दाबून आत भरणारं यंत्र) नसलेल्या १८० अश्वशक्तीच्या इंजिनातून पंधरा-वीस अश्वशक्ती तिथेच जातात, शिवाय पंख आणि पंखा यांनाही विरळ हवेतच काम करावं लागतं. इंजिन थंड करणारी हवाही तीच तापलेली.

सीताबर्डीच्या गर्दीत अडकलेल्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून तिला पाणी, रेडिएटर आणि विजेचा पंखा लागतो. विमानात कसोटीची वेळ येते ती उड्डाणानंतरच्या चढाईत, जेव्हा ताकद पूर्ण असते आणि वेग कमी. सिलिंडर जोडत गेलं की मागच्यांना थंड हवा कमी पोचते. प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी कंपनीच्या ‘आर-४३६०’ या हवेने थंड होणाऱ्या विमान-इंजिनात सात-सात सिलिंडरच्या चार रांगा होत्या, एकूण २८ सिलिंडर आणि ५६ स्पार्क प्लग. मागच्या रांगांना हवा मिळावी म्हणून प्रत्येक रांग थोडी फिरवून बसवली होती, तरीही ते इंजिन थंड ठेवणं जिकिरीचंच राहिलं. म्हणून नव्या घराण्याला सुरुवातीपासूनच पाण्याने थंड होणारा सिलिंडर आणि टर्बो द्यावा असं मला वाटतं. वजन थोडं वाढेल, पण शेवटचा सिलिंडरही पहिल्याइतकाच थंड राहू शकेल.

विमानाच्या इंजिनाला मान्यता मिळण्याआधी अमेरिकी नियमांनुसार १५० तासांची सहनशक्ती चाचणी द्यावी लागते, आणि तिचा बराच भाग पूर्ण ताकदीवर असतो. आपल्याकडे असं इंजिन बनलं तर आधी एका सिलिंडरचं, मग तीनचं आणि मग सहाचं, असं चाचणी-बाकावर चढवावं, आणि यातली एक फेरी तरी नागपुरात मे महिन्यातल्या भर दुपारी घ्यावी. त्या वेळी प्रत्येक सिलिंडर-हेडचं तापमान आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांमधला पीळ सतत नोंदवत राहावा.